अर्ध्या गाडीच्या वसुधाताई

वसुधाताईंच्या ओट्यावर मसाल्याचे दोन गोल डबे असत. दोन्ही स्टीलचे, दोन्ही मिरजेहून आणलेले, दोन्ही एकाच मापाचे. एकात मोहरी, जिरं, हळद, तिखट. दुसऱ्यात वॉशर, नट, चाप आणि कसल्या तरी बारीक स्प्रिंगा. कुठला डबा कुठला हे झाकणावरून कळत नसे. ते फक्त ताईंना कळे. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या एका नवख्या मुलीने बोलण्याच्या नादात दुसरा डबा उघडला आणि न बघता चमचाभर ऐवज तापल्या तेलात टाकला. बराच वेळ काही तडतडेना. ताईंनी येऊन कढईत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे. नाहीतरी ते तेलातून काढायचेच होते."

वसुधाताई मागच्या हिवाळ्यात गेल्या. इथे नाही, दूर कुरासाओ बेटावर, झोपेतच. त्यांच्या यजमानांचा फोन आला तेव्हा काय बोलावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी तिकडे ऊन कसं आहे असं विचारलं. त्यांनीही ते शांतपणे सांगितलं. तेव्हापासून लिहायला बसतो आहे. बसलं की हसू येतं, आणि गेलेल्या माणसाबद्दल हसत लिहू नये असं वाटून उठतो. आता उठायचं नाही असं ठरवलं आहे.

वाखनिंगन हे डच मुलखातलं शेतीच्या विद्यापीठाचं गाव. ताई तिथे शिकवत. साठवणीच्या धान्यात पडणारी कीड हा त्यांचा विषय. कुठल्या देशातून कुठल्या देशात कुठला भुंगा कोणत्या पोत्यातून गेला, हे त्या घरातल्या भांडणासारखं तपशीलवार सांगत. आमच्याकडे जेवायला आल्या की आधी पिठाच्या डब्याचं झाकण उघडून वास घेत आणि मगच नमस्कार करत. त्यांच्या विषयात त्यांचं नाव मोठं होतं, पण ते मला फार उशिरा कळलं, कारण मी त्यांना ओळखत होतो ते त्यांच्या पायांवरून.

पहिल्या भेटीत मला पायच दिसले. इथे पोस्टमनला घरात कुणी भेटलं नाही की तो पार्सल शेजाऱ्याकडे टाकून जातो. तसं एक पार्सल माझ्याकडे आलं. छोटंसं, पण उचलताना कमरेत उसण भरेल इतकं जड. ते घेऊन मी तीन दारं पलीकडे गेलो. बाजूच्या गॅरेजचं दार उघडं होतं, आत एका गाडीचा नुसता सांगाडा ठोकळ्यांवर ठेवलेला, आणि त्याच्या खालून लोकरी मोजे घातलेले दोन पाय बाहेर आलेले. मी खाकरलो. खालून मराठीत आवाज आला, "धर जरा." आणि एक बॅटरी बाहेर आली. मी ती धरली. अर्ध्या तासाने ताई बाहेर आल्या, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अरे, तू मराठी आहेस होय? काय करतोस?" मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो असं सांगितलं. त्या दिवसापासून माझं नाव लायब्ररी पडलं.

"धर जरा" त्या सगळ्यांनाच म्हणत, डच माणसालासुद्धा. आणि तो धरत असे. पोस्टमन, घराचं मीटर बघायला आलेला माणूस, विभागप्रमुख, कुणीही त्यांच्या दारात आला की त्याच्या हातात काहीतरी पडे. मिरजेत त्यांच्या वडिलांचं ट्रकचं गॅरेज होतं. दोघा भावांच्या हातात पाने आले आणि ताईंच्या हातात बॅटरी आली. "मी एवढी वर्षं नुसता उजेड पाडला," त्या म्हणायच्या. "शाळेत पहिली आले, तरी गॅरेजात आपलं काम काय, तर बॅटरी धर. अप्पा ट्रकखालून ओरडायचे, तिकडे नाही, इकडे! इकडे म्हणजे कुठे ते कधी सांगितलं नाही." पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ठरवलं की आता आपण खाली झोपायचं आणि बॅटरी दुसऱ्याने धरायची.

गाडी त्यांना मिळाली ती एका शेतकऱ्याच्या कोठारात. धान्यातली कीड बघायला म्हणून गेल्या आणि कोपऱ्यात ही बसलेली. साठ वर्षांपूर्वीची, डच बनावटीची, फिकट निळी. मागच्या आसनावर कोंबडी अंडी उबवत होती. शेतकरी म्हणाला, गाडी न्या, कोंबडी मिळणार नाही. ताईंनी पिल्लं बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग गाडी आणली. तिचं नाव त्यांनी कुमुद ठेवलं, त्यांच्या गणिताच्या बाईंवरून. "बुटक्या, गोल, कायम फिकट निळं पातळ. आणि एकदा बसल्या की उठवायला दोन माणसं लागायची."

कुमुद ज्या गॅरेजात होती त्याच्या पलीकडे बाग होती आणि बागेत योप असत. ताईंचे यजमान. आम्ही मराठी मंडळी त्यांना योपराव म्हणायचो. ते सैन्यात होते, आपल्याकडच्या सुभेदार-मेजरच्या जवळपासच्या हुद्द्यावर, आणि छावणीतली सगळी वाहनं त्यांच्या अखत्यारीत. दिवसभर शेकडो चाकं बघून आल्यावर घरी दारातल्या गाडीच्या चार चाकांपलीकडे पाचवं चाकसुद्धा नको असं त्यांचं मत होतं. ते कामावर सायकलने जात आणि घरी आले की वाटाण्याला काठ्या लावत. त्यांना मराठीतले तीन शब्द येत. "चला", "पुरे" आणि "अगं बाई". तीन शब्दांत ताईंबरोबरचा संसार त्यांनी उत्तम चालवला होता.

योपरावांच्या वाढदिवसाची हकिगत गल्लीत अजून सांगतात. डच वाढदिवस म्हणजे खुर्च्यांचं रिंगण. प्रत्येक पाहुणा येतो, वाढदिवस असलेल्याचं अभिनंदन करतो, मग त्याच्या बायकोचं करतो, मग रिंगणातल्या प्रत्येकाचं करतो, आणि केकचा एक तुकडा मांडीवर घेऊन बसतो. त्या वर्षी ताईंनी बरीच माणसं बोलावली. योपरावांना नवल वाटलं, कारण त्यातली निम्मी त्यांच्या ओळखीची नव्हती. सगळी दणकट होती. विद्यापीठाच्या रोइंग संघातले दोघे, एक सुतार, समोरचा दंतवैद्य. केक संपता संपता ताई उठल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "आता जरा सगळे गॅरेजमध्ये येता का?"

कुमुदचा सांगाडा उलटा करायचा होता, तळाला गंजरोधक रंग द्यायला. पाहुण्यांनी तो उचलला, उलटा केला, जुन्या गाद्यांवर ठेवला आणि परत येऊन कॉफी घेतली. दंतवैद्याने पुन्हा एकदा सगळ्यांचं अभिनंदन केलं. या वेळी ते मनापासून होतं. रात्री योपराव म्हणाले, "वासुदा, तो माझा वाढदिवस होता." त्यांच्या तोंडी ताईंचं नाव वासुदा असं येई.

"मग? तुझाच होता ना. किती माणसं आली बघ."

"ती गाडी उचलायला आली."

"अरे, गाडी उचलायला बोलावलं तर सगळ्यांची पाठ दुखते. वाढदिवसाला कुणाची दुखत नाही."

असं चार वर्षं चाललं होतं. चार वर्षांत कुमुदला तळ आला, रंग आला, काचा आल्या. सुटे भाग कोल्हापुरी साड्यांच्या पट्ट्यांत आणि जुन्या गोधड्यांत गुंडाळून माळ्यावर गेले, लोणच्याच्या बरण्यांत बोल्ट भरले गेले. माळ्यावर जाऊन "डाव्या दाराची कडी" मागितली की ती लिंबाच्या लोणच्याच्या बरणीतून निघे. इंजिन एका कोपऱ्यात टेबलावर उघडं पडलेलं असे. त्यावर पांढरा स्वच्छ पंचा. गाडी कधी पुरी होणार असं कुणी विचारलं की ताई म्हणत, "घाई असती तर विकत घेतली असती."

आणि मग योपरावांची बदली आली. कुरासाओला, म्हणजे समुद्रापलीकडच्या डच ताब्यातल्या बेटावर, तीन वर्षांसाठी. निवृत्तीआधीची शेवटची.

याआधी ते दोनदा असे लांब गेले होते आणि दोन्ही वेळा ताई प्रयोगशाळेसाठी मागे राहिल्या होत्या. त्यावर दोघं फारसं बोलत नसत. एकदा भांडी विसळताना ताई मला म्हणाल्या होत्या, "दोनदा आम्ही फोनवर संसार केला. दुसऱ्या वेळी तो परत आला तेव्हा मी त्याला चहात साखर किती असं विचारलं. त्याचं तोंड बघवेना."

या वेळी योपराव म्हणाले, तू ये. मी त्या दिवशी त्यांच्याकडे परत करायचं पुस्तक घ्यायला गेलो होतो आणि निघायला जमेना, कारण माझ्या हातात कुमुदचा आरसा होता.

"येते," ताई म्हणाल्या. "कुमुद आली तर."

योपरावांनी खुरपं खाली ठेवलं. "संरक्षण खातं घरामागे एक गाडी नेऊ देतं. गाडी, वासुदा. हिला इंजिन नाही."

"इंजिन सामानात जाईल. पेटीत."

"म्हणजे माझी चालती गाडी इथे विकायची, आणि ही न चालणारी न्यायची?"

"हो."

"तिथे आपण फिरायचं कशात?"

"सायकलवर. तुम्हा लोकांना आवडतं ना?"

"अगं बाई," योपराव म्हणाले.

ते आत गेल्यावर ताई हळू आवाजात मला म्हणाल्या, "लायब्ररी, मला जायचं आहे रे. पण तिथे मी कोण? नोकरी सोडून आलेली बायको. सकाळी समुद्र बघायचा, संध्याकाळी समुद्र बघायचा. मध्ये काय करू? ही असली की सकाळी उठून खाली झोपायला तरी होईल. कुमुद नाही तर मी नाही, हे मी त्याला सांगून टाकलंय आणि मी बोललेलं फिरवत नाही, हे त्याला माहीत आहे. आता फिरवायची वेळ येऊ नये एवढंच."

नियम चौकशीअंती असा निघाला की गाडीला इंजिन नसलं तरी चालेल, पण ढकलल्यावर ती सरळ गेली पाहिजे, वळवल्यावर वळली पाहिजे आणि थांबवल्यावर थांबली पाहिजे. तसं नसेल तर ती गाडी नाही, भंगार आहे, आणि भंगार जहाजावर चढत नाही. ताईंना हा नियम फार पसंत पडला. "माणसालासुद्धा लावायला हरकत नाही," म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात आम्ही कुमुदला चाकं लावली, स्टिअरिंग लावलं, ब्रेकच्या नळ्या टाकल्या. आम्ही म्हणजे ताईंनी. मी बॅटरी धरली. तिकडे, इकडे, हे मला ताईंच्या वडिलांच्या आवाजात ऐकायला मिळालं.

वाहतूकवाल्यांचा माणूस पाहणीला आला. ताईंनी त्याला कॉफी दिली आणि बिस्किटाचा डबा उघडाच ठेवला. इथे एक बिस्किट दिलं की डब्याचं झाकण लागतं, त्यामुळे तो माणूस तेवढ्यानेच हरखला होता. सोफा, पलंग, कपाटं पाहून झाल्यावर तो गॅरेजात आला.

"ही चालते?"

"चालते," ताई म्हणाल्या.

त्याने बॉनेट उघडलं. आत स्वच्छ पोकळी होती. "इंजिन कुठे आहे?"

"ते तुम्ही आत्ता पाहिलंत. पंच्याखाली."

"मग चालते कशी?"

"या," ताई म्हणाल्या.

वाखनिंगनच्या पूर्वेला एक चढ आहे. इथली माणसं त्याला डोंगर म्हणतात. साताऱ्याचा माणूस त्याला गतिरोधक म्हणेल. सगळा देश तव्यासारखा सपाट, त्यात ताईंचं घर बरोबर त्या चढाच्या पायथ्याशी. योपरावांनी आणि मी कुमुदला वर ढकलत नेलं. ताई आत बसल्या, पदर खोचला, आरशात पाहिलं आणि ब्रेक सोडला.

कुमुद निघाली. आवाज नाही, धूर नाही. ताई ताठ बसलेल्या, दोन्ही हात चाकावर. रस्ता जिथे डावीकडे वळतो तिथे त्या वळल्या. त्याच वेळी वरून एक आजीबाई सायकलवर येत होत्या. त्यांनी घंटी वाजवली, कुमुदला मागे टाकलं आणि ढुंकूनही न बघता पुढे गेल्या. वाहतूकवाला कॉफीचा कप घेऊन बाजूने चालत होता. त्याला पळावं लागलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुंपणाच्या हातभर अलीकडे कुमुद थांबली.

"थांबली," तो माणूस म्हणाला.

"न थांबायला काय झालं?" ताई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी मला सांगितलं की ब्रेक तीनच चाकांना लागले होते. "चौथ्याला म्हटलं, तू नुसता सोबत ये."

आता फक्त एक अट उरली, आणि तिची ताईंना काळजी नव्हती. बेटावर बाहेरची कीड जाऊ नये म्हणून गाडी स्वच्छ हवी. माती नको, बी नको, पानाचा तुकडा नको. हा तर त्यांचा प्रांत. त्या कुमुदखाली टूथब्रश घेऊन झोपल्या. चाकांच्या कमानी, दारांच्या बिजागऱ्या, कोंबडीच्या काळापासून कुठे अडकलेलं एक पीस, सगळं निघालं. योपरावांना बागेतले बूट घालून गॅरेजात यायला बंदी झाली. ते दाराशी उभे राहून आमच्याशी बोलत.

गाडी आपण स्वतः बंदरावर पोचवायची होती, तिच्यासाठी भाड्याने आणलेल्या ट्रेलरवर चढवून. निघण्याचा आदला दिवस खंडेनवमीचा होता. मिरजेच्या गॅरेजात त्या दिवशी काम बंद असे. पाने, जॅक, हातोड्या धुऊन पाटावर मांडत, दारातल्या प्रत्येक ट्रकला कुंकू लागे, आणि त्या एका दिवशी वडील ताईंच्या हातात बॅटरीऐवजी पूजेचं तबक देत. ताई इथेही दर वर्षी ती पूजा करत. योपराव म्हणत, "आमच्याकडे हत्याराला तेल लागतं, फुलं नाही." पण बागेतला झेंडू तेच कापून आणत.

त्या संध्याकाळी ताई काठाची साडी नेसून आल्या. पाने पाटावर मांडले. कुमुदच्या कपाळी, म्हणजे बॉनेटवर, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झेंडूचा हार घातला. चाकांखाली लिंबं ठेवली, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि पाणी चारी चाकांवर शिंपडलं. मग ओंजळ भरून अक्षता घेतल्या, डोळे मिटले, आणि गाडीवरून सोडल्या. टपावर पाऊस पडल्यासारखा बारीक आवाज झाला. आम्ही दोघांनी हात जोडले. गुळखोबरं खाल्लं. आमच्यापैकी कुणालाही काही खटकलं नाही.

सकाळी हार काढला, लिंबं उचलली, ताईंनी फडक्याने टप पुसला, आणि आम्ही निघालो. योपराव गणवेशात होते, कारण तिथून त्यांना छावणीत शेवटची हजेरी द्यायची होती. घर रिकामं झालं होतं. सामान, इंजिनची पेटी आणि लोणच्याच्या बरण्या आधीच गेल्या होत्या. त्या दोघांची विमानं आठवड्यावर आली होती. कुमुदचं जहाज संध्याकाळी भरून निघणार होतं आणि पुढच्याचं नक्की नव्हतं.

बंदराच्या आवारात तपासनीस आला. उंच, पिवळं जाकीट, हातात विजेरी. त्याने ताईंना पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम शाळकरी झाला.

"वासुदा!"

"टाइस!" ताई म्हणाल्या. तो त्यांचा विद्यार्थी होता. त्यांनी त्याच्या आईची चौकशी केली, दाढी बरी दिसत नाही असं सांगितलं आणि म्हणाल्या, "बघ, बाबा. नीट बघ. मी आहे म्हणून सोडू नकोस."

तो खाली वाकला, चाकांच्या कमानीत पाहिलं, तळ पाहिला. "हे तर ताटासारखं आहे," म्हणाला. ताईंनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मग तो उभा राहिला आणि समोरच्या काचेखाली हवा जायला ज्या फटी असतात त्यांत त्याने विजेरीचा झोत टाकला. तसाच थांबला. खिशातून चिमटा काढला आणि एक पिवळसर दाणा बाहेर काढून तळहातावर ठेवला.

"हे काय आहे?"

ताईंनी पाहिलं. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. त्या खरोखर विचार करत होत्या. शेतातला तांदूळ त्यांना ठाऊक होता, गोदामातला ठाऊक होता, ताटातला ठाऊक होता. पण आदल्या संध्याकाळी ओंजळीत घेतल्या होत्या त्या अक्षता. अक्षता म्हणजे तांदूळ, हे आयुष्यभर तांदळातली कीड शोधणाऱ्या ताईंच्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं.

"तांदूळ," त्या म्हणाल्या.

टाइसने पुन्हा झोत टाकला. आत अजून खूप होते. झेंडूच्या पाकळ्या होत्या, आणि पाकळ्यांच्या मुळाशी काळं बी. तो बिचारा अवघडला. "वासुदा, हा पॉलिश केलेला तांदूळ आहे. तो काही उगवायचा नाही. मी असं करतो..."

"काय करतोस?"

"सही करतो."

"उगवण्याचा प्रश्न कुणी काढला? किडीला दाणा उगवणारा लागतो का?"

"नाही."

"तांदळाच्या दाण्यात भुंगा अंडी कुठे घालतो?"

"आत," टाइस म्हणाला. "दाण्याला भोक पाडून."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून दिसत नाही."

"मग तू बाहेरून बघून सही कशी करतोस?"

योपराव पुढे आले. "वासुदा, तो सही करतो म्हणतोय. त्याला करू दे."

"योप, मध्ये बोलू नकोस. परीक्षा चालली आहे." मग त्या टाइसकडे वळल्या. "ही गाडी दुसऱ्या कुणाची असती तर काय केलं असतंस?"

टाइसने जाकिटाची चेन वर केली, खाली केली. "परत पाठवली असती."

"शाब्बास," ताई म्हणाल्या. "मग तसं कर."

 पलीकडे कुणीतरी एकामागून एक नव्याकोऱ्या गाड्या जहाजात नेत होतं. योपराव टोपी काढून हातात फिरवत होते. शेवटी त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "मग आता? तू राहणार?"

 ताई कुमुदच्या दाराला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता या दोघांचा तिसऱ्यांदा फोनवरचा संसार सुरू होणार. मग त्यांनी टाइसला विचारलं, "तुमचं दार किती वाजता बंद होतं?"

"चारला. तोवर साफ करून आणली तर मी पुन्हा बघू शकतो. पण वासुदा, त्या फटी..."

"मला फटी सांगू नकोस," ताई म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली, भुवया कोरायचा चिमटा काढला आणि योपरावांपुढे धरला. "धर जरा."

योपरावांनी गणवेशाचा कोट काढला, घडी घालून माझ्या हातात दिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते कुमुदमध्ये शिरले. आवारात गाड्या धुवायची एक जागा होती, तिथे तिला ढकलत नेलं. फटींवरची जाळी काढली. आतल्या पोकळीत वरून हात पोचत नव्हता. योपराव पाय वर आणि डोकं पेडलांपाशी अशा अवस्थेत आत घुसले आणि खालून चिमट्याने दाणे वेचू लागले. ताई वरून बॅटरी धरून होत्या.

"इकडे!" आतून योपराव म्हणाले.

"इकडे म्हणजे कुठे?"

"अगं बाई, इकडे!"

ताई इतक्या हसल्या की झोत छतावर गेला. गणवेशातली आणखी दोन-तीन माणसं गोळा झाली; एवढ्या हुद्द्याचा माणूस पाय वर करून तांदूळ वेचताना त्यांनी पाहिला नसावा. त्यांच्याही हातात काही ना काही आलंच. एकाने झाडणी धरली, एकाने व्हॅक्यूमची नळी. टाइस लांब उभा होता, परीक्षकाला मदत करता येत नाही म्हणून.

वेचलेल्या अक्षता आणि पाकळ्या एका थाळीत जमल्या, आणि नवा पेच पडला. ते निर्माल्य होतं, कचऱ्यात टाकता येईना. पाण्यात सोडायचं तर समोर बंदरच होतं, पण बी पाण्यात सोडू देतील त्या वसुधाताई नव्हेत. त्यांनी टाइसला विचारलं, "जप्त केलेल्या मालाचं तुम्ही काय करता?"

"पिशवीत बंद करून जाळतो."

ताईंनी क्षणभर विचार केला. "अग्नीत जातंय ना? चालेल." त्यांनी थाळीला नमस्कार केला आणि ती टाइसच्या पिशवीत रिकामी केली. टाइसनेही का कोण जाणे मान लववली.

चारच्या थोडं आधी तो पुन्हा विजेरी घेऊन आला. वर पाहिलं, खाली पाहिलं, जाळीत आरसा घालून पाहिलं. ताई त्याच्या मागे मागे. तो उठून "ठीक आहे" म्हणणार, तोच ताई म्हणाल्या, "थांब. दाराच्या रबराखाली बघितलंस?" तिथे एक दाणा होता. योपरावांनी डोळे मिटून घेतले. टाइसने तो चिमट्याने काढला, पिशवीत टाकला आणि विचारलं, "अजून कुठे, वासुदा?"

"आता नाही. आता पास." त्या गाडीबद्दल बोलत होत्या की त्याच्याबद्दल, ते मला कळलं नाही. त्याने सही केली. बॉनेटवरच्या स्वस्तिकाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे राहू दे. कुंकवाला कीड लागत नाही."

"लागते," ताई म्हणाल्या, "पण तुझ्या अभ्यासक्रमात नव्हती."

पिवळा ट्रॅक्टर आला. कुमुदला इंजिन नाही, तेव्हा तिला दोर बांधून जहाजासमोरच्या रांगेपर्यंत ओढायचं होतं, आणि आत बसून चाक व ब्रेक सांभाळायला बंदराचा माणूस होता. तो सहा फुटांच्या वर. आसन मागेपुढे सरकवायची पट्टी लावायची राहिली होती, म्हणून ताईंनी ते स्वतःच्या मापाने तळालाच आवळून टाकलं होतं. त्या माणसाने आधी एक पाय घातला, मग तो काढून दुसरा घातला, मग डोकं घालून पाहिलं. गुडघे काही आत जाईनात. ट्रॅक्टरवाला घड्याळ बघू लागला. त्या माणसाने टाइसकडे पाहिलं, टाइसने आभाळाकडे पाहिलं, आणि कुणीतरी ताईंना एक पिवळं जाकीट आणि हेल्मेट दिलं.

ताईंनी जाकीट साडीवर चढवलं. आदल्या दिवशीची ती काठाचीच साडी होती. बाकीचे कपडे सामानात गेले होते. आत बसताना त्या योपरावांना म्हणाल्या, "तू पुढे हो. मी हिला ठेवते आणि येते."

योपराव म्हणाले, "चला."

दोर ताणला गेला आणि कुमुद हलली. योपराव आणि मी आखलेल्या रेषेच्या अलीकडे उभे होतो, त्यांचा कोट अजून माझ्या हातात होता आणि त्यांच्या केसांत कसलंसं जाळं. ट्रेलर वेळेत परत करायचा होता म्हणून ताई यायच्या आत मी तिथूनच निघालो, त्यानंतरच्या आठवड्यात बाकी सगळ्यांनी त्या दोघांना निरोप दिला, मी मात्र तापाने पडलो आणि जाऊ शकलो नाही, त्यामुळे ताईंना मी शेवटचं पाहिलं ते एवढंच. उंच जहाज, नव्याकोऱ्या गाड्यांच्या चकचकीत रांगा, आणि त्यांच्या मधून ती बुटकी निळी गाडी माणसाच्या चालीने जाते आहे. रांगेच्या टोकाशी डावीकडे वळायचं होतं. मागे कुणी नव्हतं. पुढे ट्रॅक्टर होता, तो वळणारच होता. तरी कुमुदच्या खिडकीतून बांगड्या घातलेला एक हात पूर्ण सरळ बाहेर आला, सगळ्या बंदराला दिसेल असा, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो आत गेला नाही.